‘खोली खाली करा’ : भाडेकरूचा कायदा आणि आपली माणसे

आपल्या चळवळीने जमिनीचा प्रश्न मांडला. १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसे बायकापोरांसह तुरुंगात गेली. पाणवठ्याचा प्रश्न मांडला, देवळाचा मांडला, राखीव जागांचा तर अजून मांडतोच आहोत. परंतु गाव सोडून शहरात आलेला आपला माणूस ज्या दहा बाय बाराच्या खोलीत संसार मांडतो, त्या खोलीचा प्रश्न आपण कधी नीट हाती घेतला नाही. तो ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न ठरला. आपल्या साहित्यात चाळ आली, झोपडपट्टी आली, फूटपाथ आला. भाडेपावती मात्र आली नाही. आणि माझ्या अनुभवाने सांगतो, शहरातल्या गरीब माणसाच्या पेटीत जातीच्या दाखल्याखालोखाल जपून ठेवावा असा कागद कोणता असेल तर तो भाडेपावतीचा.

मी गेली सव्वीस वर्षे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात वकिली करतो. भाडेकरूंचे दावे चालवितो, कधी मालकांचेही चालवितो. ‘मालकाने खोली खाली करायला सांगितली’ असे म्हणत येणारा माणूस बहुधा उशिरा आलेला असतो. त्याने तोवर सही करून टाकलेली असते, किंवा नोटीस परत पाठविलेली असते, किंवा आठ महिन्यांचे भाडे थकविलेले असते. म्हणून हा लेख. यात क्रांतीचा आवेश नाही, कायद्याची माहिती आहे. पण ती कुणासाठी लिहितो आहे हे विसरून मला लिहिता येणार नाही.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिन्यात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी बजावले. परदेशात शिकून आलेला तो विद्वान मग शहराच्या बागेत झाडाखाली बसून रडला. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. आपण ती जातीची हकीकत म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. पण ती ताब्याचीही हकीकत आहे. जागा माझी, तेव्हा तू इथे किती दिवस राहायचे हे मी ठरविणार आणि काठीने ठरविणार, ही त्यामागची समजूत. ती समजूत आजही जिवंत आहे. फरक एवढाच की मधल्या काळात तिच्याविरुद्ध कायदा उभा राहिला आहे.

त्या कायद्याचे पहिले सूत्र साधे आहे. मालकी एक, ताबा दुसरा. घर मालकाचे असले तरी कायदेशीर मार्गाने ताब्यात आलेल्या माणसाला त्या घरातून काढायचे तर कोर्टाचा हुकूमनामा लागतो. कराराची मुदत संपली असो, भाडे थकले असो, मालकाच्या मुलाचे लग्न तोंडावर आलेले असो. स्वतः कुलूप तोडून सामान रस्त्यावर टाकण्याचा अधिकार मालकाला कोणत्याही कारणाने मिळत नाही. स्थिर ताब्यात असलेल्याला, त्याचा हक्क संपला असला तरी, कायदेशीर कारवाईवाचून हुसकता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट सांगितले आहे. आणि कुणी तसे हुसकलेच तर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालकी कुणाची हा प्रश्नच विचारला जात नाही. कालपर्यंत तुम्ही आत होतात आणि तुम्हाला बेकायदा बाहेर काढले, एवढेच दाखवायचे असते. मात्र हा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. ‘साहेबांना भेटू, समाजाच्या पुढाऱ्याला मध्ये घालू’ म्हणत पुष्कळजण हे सहा महिने घालवतात.

पोलिसांकडे गेले तर ‘हा दिवाणी मामला आहे’ हे उत्तर मिळते. मालकाचा फोन गेला की तोच मामला दिवाणी राहत नाही, हवालदार दारात येतो. त्याला शांतपणे विचारावे, कोर्टाचा हुकूम आहे काय? खोलीचा ताबा देण्याघेण्याचे काम कोर्टाच्या बेलिफाचे आहे. पोलीस बेलिफाच्या मदतीला येतात, बेलिफाच्या ऐवजी येत नाहीत.

आता कायदा कोणता ते पाहू. मुंबई व पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा होता. विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा आदेश होता. त्याखाली मालकाला नोटीस देण्याआधीच भाडेनियंत्रकाची परवानगी काढावी लागे. मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा. एकाच राज्यात तीन कायदे जवळजवळ चाळीस वर्षे नांदले. हे सारे रद्द करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा एकच कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचीच कलमे मी पुढे सांगणार आहे. मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. इतरत्र जिथे लघुवाद न्यायालय आहे तिथे त्यात, नाही तिथे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे.

मात्र हा कायदा सगळ्या महाराष्ट्राला लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच तो लागतो. लहान खेड्यात खोली भाड्याने घेतलेला शिक्षक किंवा ग्रामसेवक या संरक्षणाच्या बाहेर राहतो. त्याच्या बाबतीत मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०६ चालते. महिनेमहाल भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस दिली की भाडेपट्टा संपतो, कारण सांगावे लागत नाही. तरीही दावा लावावा लागतो, हुकूमनामा घ्यावा लागतो. ते सूत्र खेड्यातही सुटत नाही. याउलट शहरातील जी वस्ती गलिच्छ वस्ती म्हणून घोषित झाली आहे, तिथे १९७१ च्या गलिच्छ वस्ती कायद्याच्या कलम २२ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय मालकाला दावाच लावता येत नाही. आपली निम्मी माणसे अशा वस्त्यांत राहतात आणि हे कलम त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तुम्ही भाडेकरू आहात की परवानाधारक? लोक दोघांनाही भाडेकरूच म्हणतात. कायदा म्हणत नाही. हल्ली अकरा महिन्यांचा जो ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार होतो त्यात तुम्हाला जागेत कोणताही हक्क मिळत नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. १९७३ साली सरकारने जुन्या कायद्यात दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला होता. त्यानंतर तशी कृपा झालेली नाही. आजच्या कायद्याच्या कलम २४ खाली राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपली की परवानाधारकाने जागा सोडलीच पाहिजे. न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. तिथून समन्स आले तर तीस दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र करून बचावाची परवानगी मागावी लागते. तीस दिवस गेले की मालकाने लिहिले ते सारे कबूल केले असे धरले जाते. इतर कोर्टांसारखी इथे तारखेवर तारीख पडत नाही.

यातूनच एक डाव निघाला आहे. पंचवीस-तीस वर्षांचा जुना भाडेकरू असतो. मालक, किंवा मालक मेल्यावर त्याचा मुलगा, गोड बोलून सांगतो, ‘काका, जुन्या पावत्या आता चालत नाहीत, नवा कागद करू, तुमच्याच भल्याचं आहे.’ काका सही करतात. तो कागद अकरा महिन्यांच्या परवान्याचा असतो. आणि कलम २४ असे सांगते की परवान्याचा लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा समजावा. एका सहीने तीस वर्षांची भाडेकरी धोक्यात येते. पुढे कोर्टात ‘मला वाचता येत नव्हते’ हे सांगून तिला सोडविणे फार जड जाते. तेव्हा जुन्या भाडेकरूने नव्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावा. आपल्याच घरातली कॉलेजात जाणारी पोरगी चालेल. मालकाचा एजंट चालणार नाही.

करार लेखी नसला तर? कलम ५५ प्रमाणे तो लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती पाळली नाही तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानायचे असा कायद्याचा रोख आहे. तसेच दर भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे, न देणे हा दंडाचा गुन्हा आहे. पण पावती मागितली की मालकाला राग येतो. ‘विश्वास नाही का?’ असे तो विचारतो. आपल्या माणसाला हा प्रश्न लागतो. आधीच जागा मिळालेली असते ती उपकार म्हणून, मग पावती कुठल्या तोंडाने मागायची? पावती मिळत नसेल तर भाडे बँकेतून खात्यावर भरावे, म्हणजे नोंद राहते. मालकाने भाडे घ्यायचेच नाकारले तर मनीऑर्डर करावी. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेले मनीऑर्डरचे फॉर्म मी कोर्टात हजर केले आहेत आणि केवळ त्यांच्यावर दावे वाचलेले पाहिले आहेत.

भाडे थकणे हे मालकाचे सर्वांत सोपे कारण, म्हणून ते नीट समजून घ्यावे. कलम १५ प्रमाणे भाडेकरू भाडे देत आहे किंवा द्यायला तयार आहे तोवर मालकाला ताबा मागता येत नाही. भाडे थकले तर मालकाने आधी लेखी मागणीची नोटीस दिली पाहिजे आणि नव्वद दिवस थांबले पाहिजे. त्यानंतरही दावा लागलाच तर समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांच्या आत सर्व थकबाकी दरसाल दरशेकडा १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, दावा संपेपर्यंत दरमहा भाडे भरत राहिले आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर हुकूमनामा होत नाही. म्हणजे कायदा गरिबाला दोन संधी देतो. दोन्ही वेळा दिवस मोजायचे असतात, आणि मोजणारा कुणी नसतो.

साफसफाईचे काम करून पोट भरणारी एक म्हातारी माझ्याकडे आली होती. पोस्टमन मालकाचे पाकीट घेऊन आला तेव्हा शेजाऱ्यांनी तिला सांगितले, घेऊ नको, घेतले तर अडकशील. तिने परत पाठविले. दुसरे आले, तेही परत पाठविले. ‘मी सहीच केली न्हाई, लेकरा, मग मला लागू कसं होईल?’ ती मला विचारीत होती. बरोबर पत्त्यावर पाठविलेले आणि जाणूनबुजून नाकारलेले टपाल मिळाले असेच कायदा धरतो. तिचे पहिले नव्वद दिवस पाकीट नाकारल्याच्या दिवशी सुरू झाले आणि तिच्या नकळत संपले. समन्स आल्यावर तिच्या मुलाने पतपेढीचे कर्ज काढून दुसऱ्या मुदतीत सारी रक्कम भरली म्हणून खोली राहिली. तेव्हा नोटीस घ्यावी. ती वाचून घ्यावी आणि पाकिटावरच्या तारखेसकट जपून ठेवावी. नोटीस घेणे म्हणजे कबुली देणे नव्हे.

मालकाची इतर कारणे कलम १६ मध्ये आहेत. सगळी सांगत नाही, आपल्या माणसांना जी अडचणीत आणतात तेवढी सांगतो. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायम स्वरूपाचे बांधकाम केले हे एक. परंतु आतली पार्टिशन, दार, जाळी, स्वयंपाकाचा ओटा, म्हणजे इमारतीला मोठी इजा न करता काढता येण्यासारखे काम हे कायम बांधकाम समजले जात नाही. दुसरे, पोटभाडेकरू ठेवणे. गावाहून आलेला भाचा, पुतण्या, नोकरी शोधायला आलेला गाववाला आपल्या खोलीत वर्षवर्ष राहतो. आपल्यात ही रीतच आहे; पहिल्या पिढीने शहरात पाय रोवला तो असाच. आपण त्याच्याकडून भाडे घेत नसतो, तो आपल्याच ताटात जेवत असतो. पण खोली त्याच्या एकट्याच्या हवाली करून आपण गावी गेलो की मालकाला पोटभाडेकरू सापडला. तिसरे, सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा न वापरणे. १९८२ च्या गिरणी संपात पगार थांबला आणि कितीतरी कामगार कुटुंबे गावी परतली. अशा वेळी दाराला लागलेले कुलूप हाच मालकाच्या हातातला पुरावा होतो. ‘सबळ कारण’ हे शब्द कायद्यात आहेत. बेकारी, आजारपण, बाळंतपण ही कारणे कागदानिशी मांडता येतात. विजेचे बिल, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले यांचा उपयोग इथे होतो.

आणि भाडेकरू मेला म्हणजे खोली मालकाची झाली असे नाही. मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातील माणूस भाडेकरू होतो. विधवेने तेरावा झाल्यावर लगेच मालकाला लेखी कळवावे आणि पावती आपल्या नावाने मागावी. दिरांवर सोडू नये.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ‘जागा आम्हालाच पाहिजे.’ कलम १६(१)(ग) प्रमाणे मालकाला स्वतःच्या वापरासाठी जागेची वाजवी आणि खरीखुरी गरज असेल तर तो ताबा मागू शकतो. ‘पाहिजे’ आणि ‘गरज आहे’ यांत कायद्याने फरक केला आहे. नुसती इच्छा पुरत नाही. उलट, मालकाने आपल्या कोणत्या जागेत राहावे हे भाडेकरूने त्याला शिकवायचे नाही, असेही न्यायालये सांगत आली आहेत. म्हणून भाडेकरूने ‘मालक वरच्या मजल्यावर राहू शकतो’ असा वाद घालत बसण्यापेक्षा खरी माहिती गोळा करावी. मालकाच्या इतर खोल्या किती, गेल्या चार-पाच वर्षांत कोणती रिकामी झाली, ती कुणाला दिली, ज्या मुलासाठी जागा मागतो तो मुलगा राहतो कुठे. नगरपालिकेचा कर आकारणीचा उतारा काढला की पुष्कळ गोष्टी बाहेर येतात.

मालकाची गरज खरी ठरली तरी दावा संपत नाही. कलम १६(२) कोर्टाला तुलना करायला सांगते. हुकूमनामा दिला तर भाडेकरूला होणारा त्रास मोठा, की नाकारला तर मालकाला होणारा? भाडेकरूचा त्रास अधिक असेल तर गरज खरी असूनही ताबा मिळत नाही. जागेचा काही भाग देऊन भागत असेल तर तेवढ्याच भागाचा हुकूमनामा होतो. ही तुलना करताना ‘सर्व परिस्थिती’ पाहावी, विशेषतः मालकाला किंवा भाडेकरूला दुसरी योग्य जागा मिळण्यासारखी आहे का ते पाहावे, असे कायद्याचे शब्द आहेत.

या एका वाक्यावर आपले दावे हरतात. उलटतपासात मालकाचा वकील ठराविक प्रश्न विचारतो : ‘नोटीस मिळाल्यावर तुम्ही दुसरी जागा शोधली का?’ भाडेकरू खरे बोलतो : ‘नाही.’ झाले. शोधण्याचा प्रयत्नच केला नाही, तेव्हा त्याला मोठा त्रास होईल हे कसे मानायचे? निकालपत्रात हे वाक्य मी कितीदा वाचले असेन.

परंतु त्याने का शोधली नाही हे त्याला कुणी विचारीत नाही. त्याने शोधली नाही कारण शोधणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे. कोणत्या पेठेत, कोणत्या सोसायटीत आडनाव विचारतील, आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतील, गावावरून कळले नाही तर ‘तुमच्यात नॉनव्हेज चालतं का’ असे विचारतील, हा सारा नकाशा त्याच्या डोक्यात आहे. जात कुणी तोंडाने बोलत नाही. ‘खोली कालच गेली हो’ असे म्हणतात, आणि पाटी आठ दिवस तशीच लटकत राहते. जो दरवाजा बंद आहे हे माहीत आहे त्याच्यावर जाऊन डोके आपटले नाही, म्हणून कायद्याच्या भाषेत त्याने ‘प्रयत्न केला नाही’.

माझे म्हणणे असे की आपण हे पुराव्यात आणले पाहिजे. ‘सर्व परिस्थिती’ या शब्दांत जात बसते. जातीपेक्षा मोठी परिस्थिती या देशात कोणती? पण न्यायाधीश ती आपण होऊन लिहिणार नाही, ती कैफियतीत मांडावी लागेल, साक्षीत सांगावी लागेल. म्हणून मी पक्षकाराला सांगतो : दावा लागताच खोली शोधायला निघा. एक वही करा. तारीख, गल्ली, कुणाकडे गेलात, भाडे किती सांगितले, डिपॉझिट किती मागितले, आडनाव सांगितल्यावर काय उत्तर मिळाले, बरोबर कोण होते. दहा ठिकाणी जा. मिळाली जागा तर उत्तमच. न मिळाली तर वही घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहा आणि त्या प्रश्नाला उत्तर द्या. अशी वही करायला लावणे क्रूर आहे हे मला कळते. एका तरुण शिक्षकाने चौथ्या ठिकाणानंतर वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘साहेब, खोली गेली तरी चालेल, पण मी आता पाचव्या दारात जात नाही.’ त्याला मी काय सांगणार? मी वही ठेवून घेतली. चार नोंदीही पुराव्यात येतात.

जातीमुळे राहायला जागा नाकारणे हा गुन्हा नाही असे नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्या वस्तीत घर घेण्यास वा तिथे राहण्यास आडकाठी करणे शिक्षापात्र आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला. अडचण पुराव्याची आहे, कारण नकार देणारा हसून नकार देतो. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्याच्या जागेतून बेकायदा हुसकणे, जागेच्या उपभोगात अडथळा आणणे, त्याला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे हे गुन्हे स्पष्ट शब्दांत आहेत. सामान बाहेर फेकले, जातीवरून शिवीगाळ करून हाकलले, तर ही कलमे लावायला सांगावे. मात्र मालकाने रीतसर नोटीस दिली, कोर्टात दावा लावला, तर तो अत्याचार नव्हे; तो त्याचा हक्क आहे. काही कार्यकर्ते दाव्याचे समन्स आले की या कायद्याची धमकी देतात. त्याने दाव्याला काही होत नाही आणि खऱ्या अत्याचाराच्या तक्रारीची किंमत कमी होते.

मालक म्हणजे प्रत्येक वेळी शेठजीच असतो हेही खरे नाही. आपल्या वस्त्यांत आता आपलेच मालक आहेत. पेन्शनीत निघालेला पोस्टमन वरचा मजला बांधून भाड्याने देतो; त्याची विधवा त्या भाड्यावर जगते. पुढे मुलगा लग्न करतो, खोली लागते, आणि भाडेकरू वीस वर्षांपूर्वीच्या भाड्यावर अडून बसतो. या बाईची गरज खरी आहे आणि कायद्याने तिचे ऐकलेच पाहिजे. जुन्या कायद्यात भाडी इतकी गोठविली होती की डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी गैरवाजवी ठरविल्या. नवा कायदा येण्याचे ते एक मोठे कारण होते. आज प्रमाण भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ घेता येते. तेवढी मागितली तर ती द्यावी. तिच्यावरून भांडून थकबाकीदार होऊ नये.

इमारत पाडून नवी बांधायची हे कारण हल्ली शहरात फार पुढे येते. त्यासाठी मालकाजवळ मंजूर आराखडे, अंदाजपत्रक आणि पुरेसा पैसा आहे अशी कोर्टाची खात्री व्हावी लागते. आणि भाडेकरूला नव्या इमारतीत जागा मागण्याचा हक्क असतो. मात्र जुनी जागा सोडल्यापासून सहा महिन्यांच्या आत तशी लेखी नोटीस त्याने मालकाला दिली पाहिजे. ही नोटीस लोक देत नाहीत. बिल्डरच्या माणसाने तोंडी सांगितलेले असते, ‘तुमचं नाव लिस्टमध्ये आहे.’ महापालिकेने धोकादायक म्हणून इमारत पाडली तरी भाडेकरी आपोआप संपत नाही, कारण भाडेपट्टा नुसत्या भिंतींचा नसतो, त्याखालच्या जमिनीचाही असतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. तेव्हा इमारत खाली करताना किती चौरस फुटांची, कोणत्या नंबरची खोली आपल्या ताब्यात होती याचा पंचनामा किंवा पालिकेचा कागद हातात घेऊनच बाहेर पडावे. पडत्या इमारतीत हट्टाने राहू नये. त्यात माणसे मेली आहेत.

दावा न लावता मालक जेव्हा पाणी तोडतो, जिन्यातला दिवा काढतो, संडासाला कुलूप लावतो, तेव्हा कलम २९ खाली कोर्टात अर्ज करता येतो आणि कोर्ट पुरवठा पुन्हा सुरू करायला लावते. विजेचा मीटर तर जागेत राहणाऱ्यालाही स्वतःच्या नावाने मागता येतो. आपल्या लोकांना पाणी तोडण्याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

कोर्टाचे समन्स आले की तीस दिवसांत कैफियत द्यायची असते. कोर्ट मुदत वाढवून देते, पण साधारणतः नव्वद दिवसांपलीकडे नाही. गैरहजर राहिलात तर एकतर्फी हुकूमनामा होतो. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला तीस दिवस. आणि मध्येच मालक तडजोडीचा कागद पुढे करील, त्यात एका ओळीत ‘प्रतिवादीने अमुक तारखेस ताबा द्यावा’ असे असेल आणि पुढच्या ओळीत पैशाची रक्कम. रक्कम हातात येण्यापूर्वी ताबा देऊ नये, आणि रक्कम येणार असेल तर ती बँकेतून यावी.

वकिलाची फी परवडत नाही हे कारण आपल्या माणसाने सांगू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांनाही तसाच हक्क आहे, मग जात कोणतीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण असते. साधा अर्ज, जातीचा दाखला आणि आलेला कागद घेऊन जायचे. नेमलेला वकील लक्ष देत नसेल तर बदलून मागता येतो.

शेवटची एक तरतूद सांगतो, कारण ती वापरलेली मी एकदाच पाहिली. स्वतःच्या गरजेसाठी म्हणून हुकूमनामा घेतलेल्या मालकाने ताबा मिळाल्यापासून एका महिन्यात तिथे राहायला जायला हवे, आणि वर्षभरात ती जागा दुसऱ्याला भाड्याने देता कामा नये. त्याने तसे केले नाही तर कलम १७ खाली जुना भाडेकरू तेरा महिन्यांच्या आत कोर्टात जाऊन आपला ताबा परत मागू शकतो. पण दावा हरलेला माणूस त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकत नाही. त्याला लाज वाटते. माझा एक पक्षकार, रिक्षा चालविणारा, दर पंधरा दिवसांनी त्या वाड्यावरून रिक्षा न्यायचा आणि खालच्या किराणावाल्याला विचारायचा, ‘वर कोण राहायला आलंय?’ मालकाचा मुलगा कधी आलाच नाही. अकराव्या महिन्यात खिडकीत दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत पडलेले त्याने पाहिले. त्याच दुपारी जयभीम घालून तो माझ्या ऑफिसात बसला आणि म्हणाला, ‘वकीलसाहेब, तेरा महिन्यांतले दोन शिल्लक आहेत ना?’ आम्ही त्याच आठवड्यात अर्ज दाखल केला.